चाळीसची परात

आर्गिरो बाईंच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली ती फळ्यापाशी. ग्रीसमधल्या यानिना शहरातल्या संध्याकाळच्या शाळेत उत्तर चुकलं की मंडळी गुपचूप जागेवर जात. ही मात्र भुवईला पीठ लागलेलं, खडू मुठीत, तशीच उभी.

"चूक दाखवा बाई. तोवर बसणार नाही."

पोलिक्सेनी तेव्हा अठ्ठेचाळीसची. रविवारीसुद्धा दिवसभर दिराच्या दुकानात मोठ्या परातींत चीज-पालक भरलेल्या, पापुद्र्यांच्या पिटा भाजायची. तिला औषधाच्या दुकानातलं काम शिकायचं होतं. ते शिकवणाऱ्या वर्गाला शाळेचा दाखला लागे आणि दाखला गणितात अडलेला.

फळ्यावर वर्तुळ होतं: x² + y² − 6x + 4y − 12 = 0. सहगुणकांचे वर्ग छत्तीस आणि सोळा, त्यात बाराची चौपट अठ्ठेचाळीस, एकूण शंभर. वर्गमूळ दहा. त्रिज्या दहा, असं तिनं ठणकावून लिहिलं होतं.

"अगं, निम्मं कोण करणार?"

"निम्मी परात कोण नेतं बाई?" वर्ग खो खो हसला.

निम्मं करायचं ती पुन्हा पुन्हा विसरे. जूनमध्ये थोडक्यात नापास झाली. दीर म्हणाला, "झाली हौस? आता कणीक मळ."

"सप्टेंबरात परत बसणार आहे, भाऊजी."

त्याच आठवड्यात बाई दुकानात गेल्या. आतून दिराची हाक आली, "चाळीसची काढ गं!"

"चाळीस म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं.

"परात. या काठापासून त्या काठापर्यंत चाळीस सेंटिमीटर."

"मधून काठापर्यंत किती?"

पोलिक्सेनीचा सुरा परातीच्या मधोमध थांबला. "वीस. अगं बाई! म्हणजे तुम्ही त्रिज्या मागायच्या आणि मी अख्खी परात द्यायची!"

"आता सूत्रात निम्मं करशील ना?"

"सूत्रच नको. तिथं हात आपोआप काठ ते काठ जातो. मला मध्यापासून शिकवा."

रस्ता लांबचा होता. उन्हाळाभर भट्टी थंडावली की ती पूर्ण वर्ग करत बसे: (x − 3)² + (y + 2)² = 25. आधी मध्य, मग पंचविसाचं वर्गमूळ पाच. काही दिवस ती पंचवीसच त्रिज्या म्हणून लिही. बाई खोडत, ती परत मांडे.

सप्टेंबरात वीसपैकी अकरा गुण पडले. दाखला हातात आल्यावर तिनं दिराला एवढंच सांगितलं, "माणूस बघा आता दुसरं."

सध्या पोलिक्सेनी तळ्याजवळच्या एका औषधाच्या दुकानात आहे. रविवारी तिला सुट्टी असते.