नऊवारीला मनाई नव्हती

खतांच्या कंपनीने डीलरांना जहाजाची सहल दिली तेव्हा आमच्या घरात समुद्राविषयी कोणी एक अक्षर बोललं नाही. सगळी चर्चा कपड्यांची.

माझ्या नवऱ्याचं सांगलीत खतं-औषधांचं दुकान आहे. ठरलेला माल खपवला की कंपनी काहीतरी देते. आतापर्यंत मिक्सर मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि बॅगा तर इतक्या मिळाल्या की आमच्याकडे भाजीसुद्धा तणनाशकाची जाहिरात मिरवत येते. या खेपेला मुंबईहून गोव्याकडे जाणारं मोठं जहाज होतं. दोघांचं कंपनीकडून, आणि सासू-सासऱ्यांची तिकिटं ह्यांनी पदरचे घालून काढली. सासरे, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आता कडेगावजवळच्या आमच्या गावी ऊस बघतात. बर्फ बघितला, वाळवंट बघितलं, जहाज तेवढं राहिलं, असं ते एकदा बोलून गेले होते. सासूबाईंचं काय बघायचं राहिलं होतं ते कोणी विचारलं नव्हतं.

तिकिटांच्या मागोमाग मोबाईलवर सूचना आल्या. संध्याकाळी सहानंतर मोठ्या भोजनगृहात हाफपँट चालणार नाही, चप्पल चालणार नाही, डोक्यावर टोपी चालणार नाही. पहिल्या संध्याकाळी ‘स्मार्ट कॅज्युअल’, दुसऱ्या संध्याकाळी ‘फॉर्मल’. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वरच्या डेकवर कंपनीच्या मोठ्या साहेबांबरोबर सगळ्या डीलरांचा फोटो. ज्यांना हे कपडे जमणार नाहीत त्यांनी वरच्या मजल्यावर बुफेला जावं. हे शेवटचं वाक्य इतक्या गोड इंग्रजीत होतं की अपमान झालाय हे कळायलाच वेळ लागावा.

डीलरांचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी युरियाच्या गाडीवरून भांडतो. तो आठवडाभर पँटवरून भांडला. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नेमकं काय, यावर इंटरनेट बघून झालं, पुण्याच्या भाच्यांना फोन करून झाले. शेवटी विट्याच्या एका डीलरने निकाल दिला, “लग्नाला घालतो त्याच्या खाली आणि तेराव्याला घालतो त्याच्या वर.” ही व्याख्या सर्वांना मान्य झाली. ह्यांनी फॉर्मलसाठी वांगी रंगाचा ब्लेझर शिवून घेतला. घालून आरशासमोर उभे राहिले, पोट आत ओढलं, आणि मला विचारलं, “कसा दिसतोय?” मी म्हटलं, “श्वास सोडा, मग सांगते.”

मी स्वतः कमी नव्हते. मी पायघोळ गाऊन घेतला, निळा, चमचमणारा. सासूबाई तेव्हा गावाहून सांगलीला आल्या होत्या. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांच्या लेखी गाऊन म्हणजे सकाळी दारात भाजीवाला आला की वर टॉवेल टाकून बाहेर जायचं ते.

“ह्यो घालून जेवाय जायचं?” त्या म्हणाल्या. “आन् आबांच्या म्होरं डोक्यावर काय घिनार?”

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरात ड्रेसकोड आधीपासूनच होता, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नव्हतं. सांगलीत मी जीन्स घालून स्कूटी चालवते, ज्युनिअर कॉलेजात पोरांना वठणीवर आणते. गावी निघताना मात्र साडी, आणि वेशीवरची कमान आली की डोक्यावर पदर. घरात शिरण्याआधी आबा अंगणात एकदा खाकरतात. ती सूचना असते. त्या खाकरण्यासरशी आत सगळ्या पदरांची सावरासावर होते.

आणि जेवण. माझं माहेर साताऱ्याचं, तिथं वडीलसुद्धा हातात भाकरीची टोपली घेऊन सगळ्यांना वाढायचे आणि आमच्यातच बसायचे. सासरी आधी पुरुष, मग बायका. त्यातही सासूबाई सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. त्या भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, फार सावकाश खातात. गावी गेले की मी माझं उरकून त्यांच्याजवळ बसते. आबांचं जेवण फौजी. ताट पुढ्यात आलं की पाहता पाहता हात धुवायला उठतात. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. सासूबाईंना ते तसंच राहायला हवं होतं.

बॅग भरताना त्यांनी मला हळूच बोलावलं. “त्या मोबाईलात बघ की गं नीट. नऊवारी चालत न्हाई असं कुटं लिवलंय का?”

मला वाटलं, बिचाऱ्यांना भीती वाटतेय की आत घेणार नाहीत. मी उत्साहाने सांगितलं, “आई, उलट भारतीय पोशाख चालतो असं लिहिलंय. तुमची इरकल तर एकदम फॉर्मल!”

त्यांचा चेहरा पडला. मनाई असती तर त्या सुटल्या असत्या.

“मी न्हाई बसायची यांच्या म्होरं जेवाय,” त्या म्हणाल्या. “माजं लांबतं. लोकं खोळंबत्यात. तुमी जावा, मी खोलीत दशम्या खाईन.”

मला राग आला, आणि तो त्यांचाच आला हे मला तेव्हाही कळत होतं. ज्यांचा यायला हवा त्यांच्यापुढे माझ्या डोक्यावर पदर असतो. मी मनाशी पक्कं केलं की ह्या बाईला त्या टेबलावर बसवायचंच, आणि पोटभर जेवल्याशिवाय उठू द्यायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी हरले. जहाज लागतंय असं सांगून सासूबाई खोलीतच राहिल्या. जहाज तेव्हा मुंबईच्या धक्क्याला बांधलेलं होतं. भोजनगृहाच्या दारात त्या दिवशी कोणी कपडे तपासत नव्हतं. आबा सफारी आणि नेहमीची पांढरी टोपी घालून ताठ बसले. भात संपल्यावर त्यांनी सवयीने उजवीकडे बघितलं. तिथं खांब होता. ते पुन्हा बघत राहिले, कोणी वाढायला येईना, आणि मागायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. सुभेदार त्या रात्री अर्धपोटी उठले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मदतीला आबाच आले. त्यांना ते सूचनापत्रक मनापासून आवडलं होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी शिस्तीचा लेखी हुकूम काढला होता. दुपारीच त्यांनी सगळ्यांना खोलीत हजर केलं. मुलाच्या बुटांत तोंड दिसतंय का बघितलं, टायची गाठ दोनदा सोडून बांधली. माझ्या गाऊनकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत म्हणाले, “सूनबाईंचं ठीक हाय.” मग सासूबाईंकडे वळले.

“तू?”

“मला न्हाई यायचं.”

“टेबल चौघांचं हाय. चार म्हंजे चार. आजची हजेरी चुकवायची न्हाई.”

हुकमाने का होईना, सासूबाईंनी हिरवी इरकल नेसली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि आमच्या मागून चालत आल्या.

भोजनगृहाच्या दारात काळ्या कोटातली एक तरुणी हसतमुखाने कपडे तपासत होती. ह्यांचा वांगी ब्लेझर पास झाला, माझा गाऊन पास झाला. सासूबाईंना तर तिने हात जोडून “ब्यूटिफुल” म्हटलं. मग तिची नजर आबांवर गेली. काळा कोट, कडक इस्त्री, आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी.

“सर, कॅप,” ती अदबीने म्हणाली.

आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेवढ्यात तिचा वरिष्ठ धावत आला. ही पारंपरिक टोपी आहे, हिला हरकत नाही, असं काहीबाही बोलून त्याने माफी मागितली. पण टोपीला मनाई आहे हे आबांनीच आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, फक्त आपली टोपी त्यात येते हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आता सवलत कशी घेणार? “रूल इज रूल,” ते म्हणाले. टोपी काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

सासऱ्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. टोपीखालचं कपाळ गोरंपान, त्याखालचा चेहरा उन्हाने रापलेला, मधे सरळ रेघ. ते बिचारे सारखे हात वर नेत होते आणि खाली आणत होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. डोक्यावरचं काढल्यावर माणसाला कसं वाटतं ते एकदा त्यांनाही कळलं, याचं थोडं बरंही वाटलं.

माझीही फजिती व्हायची होतीच. आम्ही टेबलाशी बसलो, आबा हात धुवायला गेले, आणि परत येताना सवयीने मागून खाकरले. माझा हात पदराकडे गेला. पदर नव्हता. हाताला लागला तो टेबलावरचा मोठा पांढरा नॅपकिन, आणि तो मी डोक्यावर घेतला. शेजारच्या टेबलावरची बाई काटाचमचा धरून बघत राहिली. तिला बहुधा तो आमच्याकडचा फॉर्मल वाटला असावा.

वाढायला सुरुवात झाली. वेटरने पहिलं सूप सासूबाईंपुढे ठेवलं. तिथं बायकांना आधी वाढतात. सासूबाईंनी वाटी झटक्यात आबांपुढे सरकवली. वेटरने दुसरी आणून त्यांच्यापुढे ठेवली. तीही सरकली. आबांपुढे दोन सुपं झाली. वेटर जिद्दीचा होता. तिसरी वाटी ठेवून तो तिथंच हसत उभा राहिला, तेव्हा सासूबाईंचा नाइलाज झाला.

आबांनी दोन्ही सुपं संपवली आणि पुढच्या पदार्थाची वाट बघू लागले. पुढचा पदार्थ येईना. आजूबाजूच्या टेबलांवर गरमगरम ताटल्या चालल्या होत्या.

“आमचं का आडलंय?” त्यांनी विचारलं.

“टेबलावरच्या सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढचं आणत नाहीत, आबा,” मी म्हटलं. “रूल आहे.”

सगळ्यांचं झालं होतं. राहिल्या होत्या त्या सासूबाई. त्यांनी पावाचा बारीक तुकडा तोडला, सुपात बुडवला, बोटाने दाबला, मऊ झाल्यावर डाव्या गालात घेतला. मग बराच वेळ तोंड हलत राहिलं. मग दुसरा तुकडा. आबांना दुसरं काही काम नव्हतं. त्यांना बघावंच लागलं.

ह्यांनी घड्याळ बघितलं. फोटोची वेळ होत आली होती, आणि ज्या फोटोसाठी ब्लेझर शिवला तो चुकला तर शिंप्याला काय तोंड दाखवणार?

“आई, जरा आवर की,” हे म्हणाले.

सासूबाईंनी लगेच वाटी पुढे लोटली. “झालं माजं.” अर्धंही झालं नव्हतं. वेटर वाटी उचलायला वाकला.

“तू एका बाजूनंच का चावतीयास?” आबांनी विचारलं.

सासूबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

“मी इचारतोय.”

“उजवीकडच्या दाढा न्हाईत.”

“कवा पडल्या?”

“तुमी पेन्शनीवर आला त्या साली.”

आबा पेन्शनीवर आले तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. त्यानंतर दोघं एका छपराखाली राहिली. दोन वेळचं ताट ह्या बाईने त्यांच्या हातात दिलं. आबांना आपल्या प्रत्येक बैलाचं दातावरून वय सांगता यायचं. त्यांचा हात पुन्हा डोक्याकडे गेला आणि खाली आला. उघड्या डोक्याचा, घरापासून लांब आलेला एक म्हातारा माणूस, एवढंच मला दिसत होतं.

“बोलली का न्हाईस?”

“आवं, त्यात काय बोलायचं,” सासूबाई म्हणाल्या. “भिजवून खाल्लं की जातंय.”

वेटरने वाटी उचलली होती. आबांनी त्याचं मनगट धरलं.

“रुको,” ते म्हणाले. “रख दो. और ब्रेड लाओ.”

वाटी परत सासूबाईंपुढे आली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोक्यावरचा नॅपकिन काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांनी पावाचा तुकडा तोडला.

स्पीकरवरून फोटोसाठी सगळ्या डीलरांना वर बोलावलं गेलं. खुर्च्या सरकल्या, ब्लेझर उठले, कोणी टाय सरळ करत, कोणी बायकोला घाई करत जिन्याकडे निघाले. हेही उठले, कोटाचं बटण लावू लागले.

आबांनी त्यांच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

“बस रं खाली,” ते म्हणाले. “तुजी आई जेवतीया.”