गुंदच्या भिंतीवरचा वाघ

रामनगरचा बस्त्याव रॉड्रिग्ज जनावरांची चित्रं काढतो, आणि तीही देवाला विचारून. ब्रश उचलायच्या आधी तो गुडघे टेकतो, छातीवर क्रूस करतो आणि इतका वेळ प्रार्थना करतो की फांदीवरचा धनेश कंटाळून उडून जातो. "तुमच्या प्रार्थनेनं अर्धं जंगल रिकामं केलं," असं त्याची बायको रोजमारी म्हणते. ती खोटं बोलत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं जनावर काढणं म्हणजे त्याच्या मते खोटी साक्ष. चित्रावर तो सहीही करत नाही. ज्यानं जनावर केलं त्याची सही अंगावर असताना माझी कशाला, म्हणतो. शिवाय रविवारी रंगाची बाटली उघडायची नाही. काळी नदीकाठचे रिसॉर्टवाले नेमके रविवारीच भिंत दाखवायला बोलावतात, त्यामुळे बस्त्यावची कला गेली तीस वर्षं सोमवारपासून सुरू होते आणि गिऱ्हाईक शनिवारपर्यंत दुसरीकडे गेलेलं असतं.

पहिलं मोठं काम त्याला इगर्जीनं, म्हणजे गावच्या चर्चनं, दिलं. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत प्रलयातून जनावरं वाचवणारं नोहाचं तारू काढायचं होतं. बस्त्यावनं तारवात गवे चढवले, शेकरू चढवली, साळिंदर, खवले मांजर, भेकर, सगळं जोयडा तालुक्यातलं. सिंह नाही, उंट नाही, जिराफ नाही. सणाच्या दिवशी भाविक मंडळी बघायला जमली.

"सिंह बुडाला काय रे?" आंजेलीन मावशीनं विचारलं.

"मी बघितला न्हाई मावशी."

"आणि तारू बघितलंस? हे तर सुप्याच्या धरणात तरंगतंय!"

"पाणी चढताना मी तेवढंच बघितलंय," बस्त्याव म्हणाला. मग कोणी हसलं नाही. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांची घरं त्याच पाण्याखाली होती.

अशा माणसाला जनावरं बघायला जागा लागते. ती दिली गुंद गावच्या परशू वेळीपनं. भाताच्या राखणीसाठी परशू शेतात लाकडांचा उंच माळा बांधायचा. एकदा बस्त्याव तिथं चढला आणि पुढची पंधरा वर्षं पावसाळा सरला की चढतच राहिला. परशू डबा वाजवून गवे हाकलायचा, बस्त्याव त्याला हात जोडायचा, "थांब रे, शिंग राहिलंय!" गव्याचं शिंग पुरं होईस्तोवर परशूचं भात निम्मं व्हायचं. पण त्यानं कधी तक्रार केली नाही. त्याची बायको पुतळी दोघांना नाचणीची भाकरी आणून द्यायची आणि म्हणायची, "एक पीक राखतो, एक चोर राखतो."

त्याच माळ्यावरून एका पहाटे दोघांनी वाघ बघितला. वाघ बांधावरून सावकाश गेला, एकदा त्यानं वर बघितलं, आणि जंगलात शिरला. बस्त्यावनं क्रूस केला, परशूनं हात जोडले. दोघंही सारखेच घाबरले होते, फक्त आपापल्या धर्मानं. परशूच्या घराण्याचा देवच वाघ. जंगलाच्या कडेला त्याचा दगड आहे, तेव्हा वर्षाला एक नारळ लागायचा.

तो वाघ बस्त्यावनं एका रिसॉर्टच्या भिंतीवर काढला. काय वाघ होता! त्याच्यासमोर बसून बिअर प्यायला लोक बेळगावहून यायचे.

दोन वर्षांपूर्वी परशूनं त्या दगडावर छोटं सिमेंटचं देऊळ बांधलं आणि तो रामनगरला आला. "बस्त्यावा, मागची भिंत कोरी हाय. आपला वाघ काढ."

बस्त्यावचा चेहरा पडला. "ते जमायचं न्हाई परशू. पूजेसाठी मूर्ती करायची न्हाई, आमच्या देवाची आज्ञा हाय."

"मग तुमच्या इगर्जीत एवढे बाप्ये उभे केलेत ते काय राखणदार?"

"ते संत. त्यांचं वेगळं."

"आन् दारूच्या बाटल्यांमागं वाघ काढलास तो?"

"तिथं त्याला कोणी हात जोडत न्हाई."

"जोडत न्हाईत म्हणून तर मी तुझ्याकडं आलो."

बस्त्यावनं छातीवर क्रूस केला. उत्तर नसलं की हा माणूस अधिकच धार्मिक होतो. परशू उठताना म्हणाला, "बरं, भिंतीचं ऱ्हाऊदे. देव बसवायच्या दिवशी जेवायला तरी ये." बस्त्याव "बघतो" म्हणाला, आणि गेला नाही. नैवेद्याचं अन्न ताटात आलं तर काय करायचं, याची त्याला भीती. त्या दिवशी तो दारात बसून कुंपणाचा खांब रंगवत होता. खांब आधीच रंगवलेला होता.

फादरना त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. आपण फादरपेक्षा थोडे जास्तच ख्रिस्ती आहोत असा त्याचा समज. पुढं नाताळच्या आधी फादर घराला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा रोजमारीनंच सगळं सांगून टाकलं.

फादरनी चहाचा कप खाली ठेवला. "भिंतीचं विचारलं असतंस तर मीही विचारात पडलो असतो बस्त्याव. जेवायचं विचारलं असतंस तर मान धरून पाठवलं असतं."

दुसऱ्याच दिवशी बस्त्याव रंगाची पेटी घेऊन गुंदच्या बसमध्ये बसला.

परशूनं त्याला देवळात नेलं. मागच्या भिंतीवर फ्लेक्स होता. दुकानदारानं इंटरनेटवरून उतरवलेला भला मोठा वाघ, गुडघाभर बर्फात उभा. मागं पांढरे डोंगर.

"परशू, हे बर्फ हाय रे."

"व्हय? मला वाटलं कापूस."

"वाघाला हात लावत न्हाई मी. बर्फ तेवढं रंगानं झाकून खाली भात काढतो. बांध काढतो. माळासुद्धा काढतो."

परशूनं मान हलवली. "पूजा झाली रे. आता बर्फासकट देव हाय तो. दर आमुशेला नारळ घेतोय."

"पावसानं रंग उडंल."

"तर दुसरा छापून आणायचा. दुकानदारानं कॉम्प्युटरात ठेवलाय, तसाच निघतो."

त्या परदेशी वाघासमोर बस्त्यावनं पेटी उघडलीच नाही. मग परशू त्याला बस थांब्यावर सोडायला आला, आल्या पाहुण्याला सोडायला येतात तसा. फाट्यावर दोघं उभे राहिले. गाडी वळणावर दिसली तेव्हा बस्त्यावनं पेटी उचलली.

"परशू, मी जेवायला यायला पाहिजे होतं."

"व्हय," परशू म्हणाला. "यायला पाहिजे होतंस. पुतळीनं तुझं पान वेगळं वाढलं होतं. नैवेद्याच्या आधी काढलेलं, तुला चालावं म्हणून. सांजपर्यंत झाकून ठेवलं तिनं. मग गायीला घातलं."

गाडी आली. बस्त्यावनं पेटी आत ठेवली आणि मागं वळून "पुतळीला सांग..." एवढं म्हणाला, पण कंडक्टरनं शिट्टी मारली होती.