तोंडावर विचारणाऱ्या सावंतबाई

सावंतबाईंच्या दारात कोणीही उभं राहिलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुला कोणी पाठवलं?" मग तो गॅसवाला असो, वर्गणी मागणारी मंडळातली पोरं असोत किंवा टायपिंग शिकायला आलेली मुलगी. दहावीनंतर मी त्यांच्या क्लासला नाव घालायला गेले, तेव्हा आम्ही एकाच चाळीत राहत होतो. त्या तळमजल्यावर, आम्ही वर. तरी त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि मला तोच प्रश्न विचारला.

"आईने," मी म्हणाले.

"आईने? तुझ्या आईने माझ्याकडे पाठवलं?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग काहीतरी असेल. ये आत."

लालबागच्या त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टाइपरायटर मांडलेले असत आणि त्यांच्या मागून सावंतबाई फिरत. उंच, सडपातळ, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. शेजारून तिळगूळ आला तरी आणणाऱ्याला आधी एक खायला लावत. वरळी कोळीवाड्याहून मासे घेऊन येणारी पारूबाय तेवढी त्यांच्या उंबऱ्यावर टेकायची. बाई प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडून बघायच्या आणि पारूबाय कावायची. "लग्नाच्या टायमाला नवऱ्याचंपन असंच बगितलं व्हतंस काय गो?" त्यावर बाई न हसता म्हणायच्या, "तेच राहिलं बघ."

नवरा त्यांच्याबरोबर राहत नव्हता. दत्ताराम सावंत गिरणीत साच्यावर विणकर होते आणि बाई त्याच गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट. संप झाला तेव्हा कामगार बाहेर आणि ऑफिसचा स्टाफ आत. नवरा गेटवर घोषणा द्यायचा आणि बायको त्याच गेटमधून मान खाली घालून कामाला जायची. दोघांतल्या एकाचा तरी पगार यावा, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. पुढे एका खोलीत संपवाल्यांची बैठक चालू असताना पोलीस आले आणि सगळ्यांना उचलून घेऊन गेले. त्यात दत्तारामही होते. नावं मालकापर्यंत कोणी पोचवली? चाळीने उत्तर ठरवून टाकलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त नळावर बाई आल्या की बोलणं थांबायचं, आणि हळदीकुंकवाची बोलावणी त्यांच्या दारावरून पुढे जायची. दत्ताराम सुटून आले, काही महिने राहिले आणि गावाला गेले ते तिकडचेच झाले.

हे मला आईने सांगितलं होतं. क्लासला पाठवतानाच ती म्हणाली होती, "शिकवते चांगली. पण तिच्याकडे घरातलं काही बोलू नको."

गिरणी बंद पडली, टाइपरायटर भंगारात जायला लागले, तेव्हा बाईंनी क्लासमध्ये कॉम्प्युटर आणले. तोपर्यंत मी हार्डवेअरचा कोर्स करून लॅमिंग्टन रोडला एका दुकानात कामाला लागले होते, त्यामुळे ते कॉम्प्युटर मीच जोडून दिले. जोडताना प्रत्येक स्क्रू बाईंनी हातात घेऊन पाहिला. त्यातल्या मुख्य कॉम्प्युटरवर त्यांनी मराठी टायपिंगचे उतारे साठवले होते. सगळे स्वतः रचलेले. परळच्या बाजाराचे, कॉटन ग्रीनच्या गोदामांचे, बोंबील सुकवण्याचे. पण मुलांच्या फ्लॉपींमधून व्हायरस यायचे आणि सराव ऐन रंगात आला की विंडोज गपकन बंद पडायचं. परीक्षा तोंडावर आलेली. मी सुचवलं की याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकू, तिला हे व्हायरस लागत नाहीत. चालू करताना यादी येईल, त्यातून हवं ते निवडायचं. इंग्रजीचा सराव आणि मुलांच्या फ्लॉपी लिनक्समध्ये, मराठीचे उतारे जुन्या फाँटसकट विंडोजमध्ये सुखरूप.

"केवढ्याला पडेल?"

"फुकट आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "फुकट कोण देतं?"

"जगभरातले लोक मिळून बनवतात आणि वाटतात."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"समाधान," मी म्हणाले. तिथेच त्यांचा संशय पक्का झाला. तरी रोजच्या बंद पडण्याला त्या इतक्या विटल्या होत्या की शेवटी तयार झाल्या. मात्र आधी सगळे उतारे सीडीवर घ्यायला लावले. त्या सीड्या घेऊन स्वतः नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेल्या आणि तिथे उघडून खात्री करून आल्या.

रविवारी दुपारी मी काम सुरू केलं. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायच्या आणि मी अर्थ सांगितल्याशिवाय पुढचं बटण दाबू द्यायच्या नाहीत. हार्ड डिस्कचे दोन भाग करायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "मधली भिंत पक्की आहे ना? इकडचं तिकडे कळणार नाही?" मी म्हटलं, पक्की आहे. सगळं उरकलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. यादी आलीच नाही. काळा पडदा, एका कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. ना विंडोज, ना लिनक्स.

बाईंनी ती चार अक्षरंही मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळल्या.

"परवा नाक्यावर पेडणेकरशी काय बोलत होतीस?"

पेडणेकरांचा क्लास समोरच्या गल्लीत होता. त्यांचा प्रिंटर बिघडला होता, म्हणून त्यांनी मला थांबवलं होतं. मी तसं सांगितलं.

"त्याने पाठवलं तुला? माझा क्लास बंद पाडायला?"

पाच वर्षं मी त्यांच्याकडे येत होते. "मॅडम, चाळीत तुमच्याबद्दल काय काय बोलतात," मी म्हणाले, "मी तुम्हाला कधी विचारलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंचा चेहरा मात्र रागावलेला दिसेना.

"मग विचार," त्या म्हणाल्या. "मी तुला विचारलं ना तोंडावर? तू पण विचार."

मी विचारलं, "संपात नावं तुम्ही दिली होती?"

"नाही."

एवढंच. बाहेर कोणीतरी बादली आपटली. बाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"इतक्या वर्षांत विचारणारी तू पहिली गो," त्या म्हणाल्या. एरवी ऑफिसातलं मराठी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी घरचं 'गो' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "ह्यांनीसुद्धा विचारलं नाही. सुटून आले, समोर बसून जेवायचे आणि ताटाकडे बघायचे. विचारलं असतं तर भांडले असते मी, भांडीकुंडी फेकली असती. पण मग राहिलो असतो एकत्र. न विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

मी म्हटलं, "पेडणेकरांनी नाही पाठवलं मला."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग हे नीट कर."

बिघाड मोठा नव्हता. सुरुवातीला यादी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम नीट बसला नव्हता. मी सीडी घालून तो पुन्हा बसवला, कॉम्प्युटर चालू केला आणि या खेपेला पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली. बाईंनी माझा हात बाजूला सारला, बाणाचं बटण स्वतः दाबून विंडोज निवडलं आणि आपले उतारे उघडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले. मी ताटकळत बसले होते. शेवटचा उतारा संपल्यावर म्हणाल्या, "आहेत." मग मला आत चहा टाकायला पाठवलं. मी कप आणले, तेव्हा मला आधी घोट घ्यायला न लावता त्यांनी आपला कप सरळ तोंडाला लावला.

त्यानंतरही त्या मला संशयाने विचारतच राहिल्या. दुकान का बदललंस, हा मुलगा कोण, लग्नाची एवढी घाई कशाला. मी उत्तरं देत राहिले आणि मलाही काही विचारावंसं वाटलं की विचारत राहिले. आमचं चांगलं जमलं.

बाई गेल्या तेव्हा मी सासरी प्रभादेवीला होते. निरोप आला तशी धावत गेले. चाळ जमली होती. बाहेर बाकड्यावर बसलेले गावडेकाका, दत्ताराम सावंतांबरोबर पकडले गेलेले जुने संपवाले, शेजारच्याला हळू आवाजात म्हणत होते, "बाई चांगली होती. संपातलं ते एक सोडलं तर."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, मी विचारलं होतं त्यांना. नावं त्यांनी दिली नव्हती."

काकांनी वर पाहिलं. "तुला तसं म्हणाली ती?"

"हो."

"आम्हाला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

शेजारचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. गावडेकाकांनी बाकड्याला धरून स्वतःला उठवलं, चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बाईंच्या पायाशी बसले. लोकांनी बाईंना उचलायची घाई केली तरी ते लवकर उठले नाहीत.