मंगलाष्टकातल्या शेंगा

आमच्या घरातील लग्नांची मंगलाष्टके मी लिहीत आलो. नोकरी कचेरीत मसुदे लिहिण्याची होती. तेथे शब्द कमी असावेत आणि नेमके असावेत, एवढीच अपेक्षा असे. मंगलाष्टकाची अपेक्षा फार वेगळी नाही. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे श्वास घेण्याची जागा. त्या चौकटीत वधूवरांची, आईवडिलांची, आणि रुसण्याचा संभव असलेल्या एखाद्या आत्याची नावे बसवायची. बहिणींची, भाच्यांची, मुलाची लग्ने अशी लागली.

नातीचे लग्न ठरले, तेव्हा बऱ्याच वर्षांत मी एकही ओळ लिहिलेली नव्हती. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही.

ती माझ्या मुलाची मुलगी. पुण्याला नोकरी करते. साखरपुडा आटोपून परत निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली,

"आजोबा, मंगलाष्टका तुमच्याच हव्यात. हॉलवाल्यांच्या त्या गाणाऱ्या बायका नकोत. त्यांचं सगळं तेच असतं, फक्त नावं बदलतात. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात तर आधीच्याच नवऱ्याचं नाव घेतलं."

"आधीच्या?"

"म्हणजे सकाळच्या लग्नातल्या. तिच्या नाही हो!"

मी 'बरं' म्हटले. ती रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. बसलो म्हणजे फोन हातात घेतला. निवृत्तीनंतर मुलाने तो आणून दिला होता आणि हळूहळू वाचन, पत्रव्यवहार, बातम्या, भजने, माणसे असे सारे त्यात गेले होते. जुळे सोलापुरातील आमच्या सदनिकेला मोठी गच्ची आहे. तीवर बसून मी इतरांच्या गच्चीवरील कुंड्यांची चित्रे पाहत असे. लेखणी घरात होती. तिची शाई वाळली होती.

फोनवर मराठी लिहिताना वरच्या पट्टीत पुढचे शब्द आपोआप येतात. मी 'आला' लिहिले, त्याने 'आज' पुढे केला. मी तो घेतला. अशा रीतीने काही वेळात एक ओळ तयार झाली:

आला आज सुवर्णयोग घडुनी, आनंद झाला मनी

वृत्तात कोठेही दोष नव्हता. 'सुवर्णयोग' हा शब्द मात्र मी आयुष्यात कधी वापरलेला नव्हता. तो रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या संदेशांतून आला असावा. मी ओळ ठेवली. पुढच्या तीनही तशाच आल्या.

रविवारी मुलगा आला. त्याने स्वतंत्रपणे आपल्या फोनला मंगलाष्टक रचण्यास सांगितले होते.

"बाबा, तुम्हाला कशाला त्रास? दोन मिनिटांत झालं बघा. शार्दूलविक्रीडित सांगितलंय मी त्याला."

त्याने वाचून दाखवले. 'दोन हृदयांचे हे मीलन, प्रेमाचा सागर उसळला' अशी सुरुवात होती. ते शार्दूलही नव्हते आणि विक्रीडितही नव्हते. यतीच्या जागी नातजावयाचे नाव मधोमध तुटत होते. अर्धे नाव श्वासापूर्वी, अर्धे श्वासानंतर.

"लग्नाआधीच दोन तुकडे केले की त्याचे," मी म्हणालो.

"सांगितलं तर सुधारतं ते, बाबा."

माझ्या ओळी मी वाचून दाखवल्या. पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी पीठ मळलेले हात तसेच धरून उभी होती. तिचे माहेर मोहोळजवळच्या खेड्यात आहे. इतकी वर्षे शहरात काढूनही तिने बोली सोडलेली नाही. तिने दोन्ही ऐकून घेतले आणि विचारले,

"आवं, ह्यातलं तुमचं कुटलं?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखर कळले नव्हते. माझी आधीची सगळी मंगलाष्टके तिला पाठ आहेत.

मुलगा हसला. मी फोन बंद केला, उठलो, आणि तो जोंधळ्याच्या डब्यात खोल घातला.

"तितं कशाला?" पत्नी म्हणाली.

"राहू दे."

"ऱ्हाऊ द्या की. कडुलिंबाचा पाला हाय त्यात. किडं न्हाय लागायचं."

यानंतरचे काही दिवस नोंद घेण्यासारखे नव्हते. हात सदऱ्याच्या खिशाकडे जाई आणि परत येई. कोणाला काही कळवायचे असल्यास पत्नीच्या बटणांच्या फोनवर निरोप येत असे. त्यांतला एकही तातडीचा नव्हता. बँकेत गेलो. समोरच्या मुलीने फोनवर आलेला आकडा विचारला. फोन धान्यात आहे, असे मी सांगितले. तिने वरिष्ठांकडे पाहिले. सात रस्ता चौकात शाईची दौत विचारली, तर पहिल्या दोन दुकानांत माझ्याकडे सहानुभूतीने पाहण्यात आले. तिसऱ्यात दौत मिळाली. दुकानदार म्हणाला, "स्कॅन करा की, काका." मी नोट पुढे केली. "आता आली का पंचाईत," असे म्हणून तो शेजारच्या दुकानात सुटे आणायला गेला. तोवर मी त्याच्या गल्ल्याशी उभा राहून रस्ता ऐकला. एक बाई तेलुगूत भांडत होती आणि रिक्षावाला तिला हिंदीत उत्तर देत होता. दोघांचेही बोलणे तालात होते. असे काही कानावर पडून बराच काळ लोटला होता.

पण घरी येऊन कागद पुढे घेतला की 'सुवर्णयोग' उभा राही. त्याला हाकलले की 'रेशीमगाठी' येत. लग्न जवळ येत होते. नातीचा दर दोन-तीन दिवसांनी पत्नीच्या फोनवर फोन येई.

"झाल्या का आजोबा?"

"होतील."

"नाही जमलं तर सांगा हं. ऐनवेळी हॉलवाल्यांना विचारता येईल."

ती हे काळजीने म्हणत होती. ते वाक्य मला आवडले नाही. वय झाले असे ते वाक्य होते, आणि ते खरे ठरण्याची शक्यता मला दिसत होती.

वरपक्षाला आहेरासोबत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी द्यायची, असे पत्नीने ठरवले होते. बाजारची चटणी तिला चालत नाही. तिच्या भावाकडून शेंगांचे पोते आले. रिकामा बसलेला माणूस तिला पाहवत नाही. तिने हॉलमध्ये चटई टाकली, परात ठेवली आणि म्हणाली, "बसा हितं. फोडा."

मी शेंगा फोडू लागलो. हे काम वाचता वाचता करता येत नाही, लिहिताही येत नाही. दोन्ही हात गुंततात आणि डोके मोकळे राहते. ती आत दाणे भाजून खलबत्त्यात कुटत होती. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून खलबत्ता जुन्या गादीच्या तुकड्यावर ठेवलेला. त्यामुळे आवाज दबका, पण सलग येत होता. पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मी नुसते वृत्ताचे गण म्हणू लागलो. दीर्घ अक्षराला शेंग फोडायची, ऱ्हस्वाला दाणा परातीत टाकायचा. 'सुवर्णयोग' त्या तऱ्हेने म्हणून पाहिला. हाताला तो शब्द लागेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी परातीच्या पलीकडच्या रिकाम्या चटईकडे लक्ष गेले. नात लहान असताना सुट्टीत तेथे बसत असे. आजीला मदत म्हणून शेंगा सोले. टरफले परातीत टाकी आणि दाणे तोंडात. परात भरलेली पाहून आजीने शाबासकी दिली होती, आणि नंतर दाणे शोधले होते.

ओळ सबंध आली. ती यावी म्हणून मी काही केले नाही.

शेंगा सोलत बैसली चिमुकली, मोठी कधी जाहली

मी बोटांवर अक्षरे मोजली. एकोणीस. यती योग्य जागी. पत्नी बाहेर आली तेव्हा मी पुन्हा मोजत होतो.

"दाणं मोजताय व्हय?"

मी ओळ म्हणून दाखवली. ती उभी राहिली. मग म्हणाली,

"मंगलाष्टकात शेंगा? लोक हासत्याल की."

तुमचे कुठले, हे तिने विचारले नाही. मी हात झटकून कागद आणला. दुसरी ओळ मी आपल्यावरच घेतली:

आजोबांस कळे न हे, नजर ती होती कुठे गुंतली

वृत्तात बसली म्हणून ठेवली. तिसऱ्या ओळीत नातजावयाचे नाव अखंड आले. चौथी परंपरेची. उरलेली कडवी त्याच आठवड्यात झाली. एकात सात रस्त्यावरचा गोंगाट आला, एकात पत्नीच्या माहेरचा जोंधळा, एकात रुसू शकणारी आत्या. शाई दोनदा सांडली.

मुलाने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, मंगलाष्टकात गंगा, सिंधू, सरस्वती असतात. शेंगा नसतात. आणि हल्ली सगळ्याचा व्हिडिओ होतो."

"होऊ दे."

"तिला तरी आधी ऐकवा. तिचं लग्न आहे."

हे त्याचे म्हणणे योग्य होते. संध्याकाळी नातीचा फोन आला.

"झाल्या?"

"झाल्या."

"म्हणून दाखवा ना."

"मांडवात."

"आजोबा, काही भलतंच नाही ना?"

मी फोन पत्नीकडे दिला.

लग्नापूर्वी डब्यातील जोंधळा दळणाला निघाला, तेव्हा तळाशी माझा फोन सापडला. पत्नीने तो पदराने पुसून पुढे केला. नवा जोंधळा आल्यावर त्यात ठेव, असे मी सांगितले.

मुहूर्ताला मी टिपणाचा कागद घेऊन उभा राहिलो. मधे अंतरपाट धरलेला होता. माझ्या बाजूने नातीची फक्त पावले आणि कापडावरून दिसणारे मुंडावळ्यांचे टोक दिसत होते. समोर हात उंचावलेले. त्यांत अक्षता कमी आणि फोन अधिक. पहिले कडवे रीतीप्रमाणे गणेशाचे होते. त्यानंतर मी शेंगांचे सुरू केले.

मागच्या रांगेतून वरपक्षातील एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "काय म्हणाले? शेंगा?" कोणीतरी हसले. मग आणखी काही जण. मुलाने मान खाली घातली. मी यतीपर्यंत आलो, श्वास घेतला.

अंतरपाट हलला. तो धरणाऱ्या गुरुजींनी कापड ताणून घेतले. दुसऱ्या ओळीला तो पुन्हा हलला, आधीपेक्षा जास्त. ती हसत होती की नव्हती, हे या बाजूने सांगता येत नव्हते. मी थांबलो नाही. सावधान झाले. अक्षता पडल्या, काही उशिरा पडल्या, कारण फोन धरलेले हात खाली घ्यायला लोक विसरले होते.

त्याचे चित्रण पुष्कळांकडे आहे म्हणतात. मी पाहिलेले नाही.

विधी आटोपल्यावर ती नातजावयासह नमस्काराला आली. वाकून उठली. डोळ्यांतील काजळ एका बाजूला पसरलेले होते. ती माझ्या कानाशी म्हणाली,

"दाणे मी खात होते, हे नाही लिहिलंत."

"वृत्तात बसले नाही," मी म्हणालो.