डाव्या हाताची अक्का

अक्का लग्नात अक्षता डाव्या हाताने टाकायची. जेवायची डाव्या हाताने, चहाचा कप डाव्या हातात धरायची, रिक्षावाल्याला पैसेही डाव्या हातानेच द्यायची. आमच्या जळगावात लोकांना या गोष्टीचा किती राग येतो, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या डाळ मिलच्या मालकांच्या मुलीच्या लग्नात तर नवरीची मावशी भर मांडवात तिच्यावर चालून आली होती. शुभकार्यात तरी उजवा हात वापरावा, बाईच्या जातीला एवढं कळू नये का, असं बरंच काही ती बोलली. अक्काने ऐकून घेतलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "नवरीना डोकावरच पडन्यात ना? मंग." मावशीने वळून पाहिलं. आमच्या सगळ्यांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या टकलांवर पडत होत्या, अक्काच्या तेवढ्या नवरीच्या डोक्यावर होत्या. मग ती जेवणाच्या व्यवस्थेवर घसरली.

गंमत अशी की अक्का जन्माची डावखुरी नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर तिने ठरवून डावा हात धरला होता. असं का केलं ते सांगायचं तर आधी तिचा धंदा सांगायला हवा, कारण तो ऐकूनच निम्मी माणसं गोंधळतात. अक्का डार्टची खेळाडू होती. भिंतीवर गोल फळा, फळ्यावर आकडे, समोर जमिनीवर रेघ, आणि रेघेमागे उभं राहून बोटभर लांबीचे तीन बाण एकामागून एक फेकायचे. पाचशे एकपासून गुण कमी करत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण फळ्याच्या कडेच्या अरुंद कड्यातच लागला पाहिजे. त्या कड्यात आकड्याची दुप्पट मिळते. ती साधली नाही तर आधीचं सगळं पाण्यात.

मी डाळ मिलमध्ये मुनीम. अक्का आमच्याच मिलमध्ये पॅकिंगला होती. माहेर शिरपूरकडचं, सासर जळगावात, नवरा नाना दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. मालकांच्या मुलाने कुठूनसा डार्टचा फळा आणला आणि गोदामावरच्या खोलीत लावला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुरुष मंडळी तिथे हात साफ करायचो. एक दिवस अक्का दारात येऊन उभी राहिली आणि मलाही एकदा फेकू द्या म्हणाली. तिचा पहिला बाण कॅलेंडरला लागला आणि दुसरा ट्यूबलाइटच्या पट्टीला. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. वर्षभरात आमच्यापैकी कोणी तिच्याशी पैज लावेनासं झालं.

पुढे तिने नोकरी सोडली. मुंबई, पुणे, गोवा, जिथे बक्षिसाची स्पर्धा असेल तिथे जायची. कंपन्यांच्या संमेलनात खेळ दाखवायची, शिकवायची, आणि नंतर नंतर घरात कॅमेरा लावून परगावच्या खेळाडूंशी सामने खेळायची. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने तिला खेळायचा शर्ट करून दिला होता. त्याच्या पाठीवर पिवळाधमक केळीचा घड. मुंबईची मंडळी त्या घडाला हसली, तेव्हापासून ती त्यांच्याकडे पाठ करूनच बसायची. नातेवाईक विचारायचे, ते खेळणं ठीक आहे, पण तू करतेस काय? ती म्हणायची, "मी खेयस. त्याना पैसा भेटस. हाऊ मना धंदा शे." एवढं सांगूनही मग नोकरी कुठे, असं विचारणारे होतेच. त्यांना ती नानाच्या गॅरेजचा पत्ता द्यायची.

धुळ्याला एकदा हौशी संयोजकांनी बायकांसाठी वेगळी रेघ आखली, पुरुषांच्या रेघेच्या दोन पावलं पुढे. हेतू चांगला होता, अडाणीपणाचा हेतू बहुधा चांगलाच असतो. या खेळात बाईमाणसाला वेगळी रेघ नसते. अक्का आली, तिने ती पुढची रेघ पाहिली आणि चालत मागच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. संयोजक धावत आले, ताई, तुमची रेघ पुढे आहे. "रेघ आठे शे," अक्का पायाखाली बोट दाखवत म्हणाली, "मी आठूनच मारसू." बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मग एक मागे सरकली, तिच्या मागून दुसरी, आणि शेवटी त्या पुढच्या रेघेवर चहाचं टेबल ठेवावं लागलं.

अशी ही बाई, आणि तिचा हात अडकला.

तेही धुळ्यातच. सामना चालू होता, मी फळ्याजवळ गुण मांडत होतो. सगळीकडे मीच तिच्याबरोबर जायचो, आकडेमोड हा माझा धंदा. अक्काने हात उचलला, मागे घेतला, पुढे आणला आणि बाण सुटलाच नाही. तिने पुन्हा हात मागे घेतला. पुन्हा तेच. बोटं बाण सोडेनात. सभागृहात कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी खुदकन हसलं. शेवटी तिने तो बाण कसाबसा ढकलून दिला, तो फळ्यापर्यंतही पोचला नाही. हे दुखणं या खेळात जगभर माहीत आहे. हाताला काही झालेलं नसतं. भाकरी थापता येते, स्कूटर चालवता येते, फक्त बाण सुटत नाही. का, ते कोणाला सांगता येत नाही, आणि औषधही नाही.

जळगावात मात्र औषधं शंभर. मानेची नस, गळ्यातला दोरा, तेल, लेप. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितलं आणि सातपुड्यातल्या एका भगताचं नाव दिलं. अक्काचं घर बौद्ध, त्या घरात गंडेदोऱ्यांना कधीच थारा नव्हता. पण तिने वाद घातला नाही. "भगतकडे कोंबडं जास," ती म्हणाली, "मी कसाले जाऊ?" डॉक्टर मात्र तिने तीन केले. तिघांनी हात दाबून, वाकवून पाहिला आणि उत्तम आहे म्हणून सांगितलं.

मग लोक हळहळू लागले. मला याचा फार संताप येतो. जिंकत होती तेव्हा हिला घरदार नाही का म्हणणारी तोंडं आता बिचारी, बिचारी करू लागली. आमच्या क्रीडा मंडळाने तिचा सत्कार ठरवला. आपल्याकडे माणूस संपला असं वाटलं की शाल काढतात. भाषणं झाली. यापुढे अक्कांनी मार्गदर्शकाच्या भूमिकेत राहावं असा ठरावही टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अक्काने शाल डाव्या हाताने घेतली. तिचा डावा हात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तिने माइकही डाव्याच हातात घेतला आणि म्हणाली, "शाल ठेवस, थंडीले कामे येई. पन मी आजून सपनी नही." एवढंच बोलून ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवसापासून सगळी कामं डाव्या हाताने सुरू झाली. वरण अंगावर सांडायचं, सही पोराने केल्यासारखी व्हायची, बँकेत दोनदा चेक परत आला. घरातल्या फळ्याभोवतीच्या भिंतीची चाळण झाली. नानाने तिथे प्लायवूड ठोकलं, तेही फाटलं तेव्हा दुसरं ठोकलं. ती खोलीत असताना कोणी आत यायचं नाही, असा नियमच झाला, कारण बाण कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसायचं. लहान पोरांकडून ती हरली. हरल्यावर हात मिळवायची, तोही डावा. दोन वर्षांनी ती पुन्हा स्पर्धेत उतरली आणि तिसऱ्या वर्षी धुळ्याला राज्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात जाऊन उभी राहिली.

पण त्या स्पर्धेच्या आधी एक भानगड झाली. कोणीतरी अक्काला एकटीच असताना उजव्या हाताने बाण मारताना पाहिलं. बाण लोण्यासारखे सुटत होते म्हणे. झालं, गावभर बातमी. उजवा हात परत आला. जो तो तिला उजव्याने खेळ म्हणून सांगू लागला, मीही सांगितलं. डावा कितीही तयार झाला तरी उजव्याची सर त्याला नव्हती, हे मला आकड्यांवरून कळत होतं. तिने मान हलवली आणि धुळ्याला डाव्यानेच खेळली.

समोर पुण्याची तरणीताठी पोरगी होती. सामना बरोबरीत आला, शेवटचा डाव. अक्काला बत्तीस हवे होते, म्हणजे सोळाची दुप्पट. हातात तीन बाण. पहिला कड्याच्या तारेबाहेर गेला. दुसरा तारेला लागून खाली पडला. तिसरा पुन्हा बाहेर. पोरीने तिच्या पहिल्याच बाणाला डाव संपवला. परतताना गाडीत मंडळाची माणसं माझ्या कानाशी एकच पुटपुटत होती, उजव्याने खेळली असती तर आज राज्याचा चषक जळगावात असता. वाटेत पारोळा येईपर्यंत मलाही ते पटलं होतं.

सकाळी मी तणतणत गोदामावरची खोली गाठली. नोकरी सोडली तरी सकाळचा सराव अक्का तिथेच करायची, त्यामुळे ती होतीच. मी मनातलं सगळं बोललो. तू धंदा म्हणतेस ना याला, मग धंद्यात चांगला हात घरी ठेवून वाईट हात बाजारात कोण नेतं? तिने बाण उजव्या हातात घेतले आणि फेकले. तिन्ही विसाच्या तिपटीच्या अरुंद खणात. मी अक्षरशः नाचायचाच बाकी होतो. तशी ती म्हणाली, आता खालच्या माणसांना बोलवा. मी खिडकीतून ओरडलो, या रे वर, अक्काचा उजवा हात बघा. हमाल, ड्रायव्हर, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांचे पाय जिन्यावर वाजू लागले.

अक्काने हात उचलला. मागे घेतला, पुढे आणला. बाण बोटांतच राहिला. पुन्हा हात मागे, पुन्हा पुढे. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"देखं?" ती हळूच म्हणाली. "जवय पनले काही नही ऱ्हास, तवय हाऊ हात सुटस. उजवा आपेआप शिकना व्हता, त्याना काय भरोसा? डावाले मी शिकाडेल शे."

मग पणाला काही लागलं की उजवा अडकतो, हे लोकांना सांगत का नाहीस, मी विचारलं. गाव तुला हट्टी म्हणतंय, चषक घालवला म्हणतंय.

"म्हनू द्या हट्टी," अक्का म्हणाली. "बिचारी म्हनाले लागनात ना, ते मना डावा बी अडकी जाई."

माणसं दारात आली. तोवर तिने बाण डाव्या हातात घेतला होता. तिने फेकला आणि तो सोळाच्या दुपटीत जाऊन बसला, काल जिथे हवा होता तिथेच. एक ड्रायव्हर म्हणाला, मुनीमजी, तुम्ही तर उजवा हात म्हणाला होता. मी म्हटलं, काय करू, ऐकत नाही, फार हट्टी बाई आहे. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि बाण काढायला फळ्याकडे गेली.

त्यानंतर ती डाव्यानेच खेळली, डाव्यानेच जिंकली आणि पुष्कळदा हरलीही. तिच्या जिद्दीपेक्षा तिच्या हट्टाचीच चर्चा जास्त झाली आणि ती मी मुद्दाम वाढवली. जिथे जाईन तिथे तिला नावं ठेवायचो. ती हे ऐकून खूश व्हायची.

गेल्या वर्षी अक्का गेली. हृदयाचं काहीतरी झालं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आता तिचा कुठलाच हात अडकायचा नाही, म्हणून हे लिहितो आहे. ती असती तर लिहू दिलं नसतं.

मंडळाने शोकसभा घेतली. प्रमुख पाहुणे शहरातलं बडं प्रस्थ. त्यांनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला आणि सुरुवात केली, "बिचाऱ्या अक्कांनी..." मी मागच्या रांगेत होतो. तिथूनच उठून उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, बिचारी नाही. हट्टी म्हणा." पाहुण्यांनी समोर बसलेल्या नानाकडे पाहिलं. नानाने डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली.

"हट्टी अक्कांनी," पाहुणे म्हणाले, आणि पुढे वाचू लागले.