दादाची बंद झालेली गोळी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात होतो. "भावजी, ह्यांना लई दम लागलाय," एवढंच ती बोलली. मी गावी, पालीला पोचेस्तोवर माझा थोरला भाऊ गेला होता... पाय मोडलेला माणूस छातीनं जातो, हे आजही माझ्या डोक्यात शिरत नाही.

दादा गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी उघडली, तसा तो घर सोडून तिथंच राहायला गेला. एका बुजलेल्या बैलानं धडक दिली आणि त्याचा खुबा मोडला. बीडला ऑपरेशन झालं. रक्त गोठू नये म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, "पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होते, ती फुप्फुसात जाऊन बसते. मी सांगेपर्यंत गोळी सोडायची नाही." दादाला मात्र एकच घाई, वॉकर टाकून छावणीत परत जायची. "जनावरं उपाशी हायेत रे तिकडं," असं मलाच दरडावायचा, जसा काही चारा मीच खाल्ला होता.

ऐन मे महिन्यात त्याचा घोळणा फुटला. त्या उन्हात आमच्याकडं कुणाच्या ना कुणाच्या नाकातून रक्त येतंच; कांदा हुंगवायचा, टाळूवर पाणी थापायचं. भेटायला येणाऱ्यांनी निदान करून टाकलं: गोळी उष्ण पडली. त्यांना काय, चहा प्यायचा आणि सल्ला द्यायचा! डॉक्टरांना एक फोन करावा, हे कुणालाच सुचलं नाही. "पाऊस पडू दे, गारवा आला की घेतो," म्हणत दादानं गोळी बंद केली. रक्त थांबलं, सगळ्यांना बरं वाटलं. पुढं पायाला सूज आली, तीही उन्हाचीच ठरली.

पाऊस आला तो दादा गेल्यावर. छावणी उठली. परवा शेजारच्या सखूमावशी गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आल्या. नवरा गेल्यावर बाईनं महिना-सव्वा महिना दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. वहिनी गेली, पण आत न जाता दारातच थांबली.

"मावशी, रक्ताची गोळी घेतली का?"

"घेईन की. उष्ण पडती म्हनं ती."

"पडू द्या. माझ्यासमोर घ्या."

गोळी घशाखाली उतरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग घरी आली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.