मूठभर गहू

"झाकण लावू नका, पीठ गरम शे."

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, आणि तिथल्या आबांकडून प्रत्येक डब्यासोबत हे वाक्य मिळायचं. तीस वर्षं तिथेच दळणाऱ्या बाईलाही मिळायचं आणि पहिल्यांदाच डबा घेऊन आलेल्या जावयालाही. बोलताना ते कापडी नळीतून पडणारं पीठ चिमटीत धरायचे, अंगठ्यावर घासायचे आणि डोळे मिटून मनाशी काहीतरी ठरवायचे. काय ठरवायचे ते देव जाणे. एकदा दोन शेजारणी नंबरावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. आबांनी चिमूट घासत त्यांनाही एवढंच सांगितलं, आणि दोघी गप्प झाल्या. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्याकडे एकच वाक्य असतं आणि ते कुठेही चालून जातं.

आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. केस, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पिठाने पांढरं. त्यामुळे त्यांचे केस खरोखर कधी पिकले ते कोणाला कळलंच नाही. समोर कोणीही असो, ते अहिराणीतच बोलायचे, 'आहे'ला 'शे' म्हणत. माझं माहेर वरणगावचं, म्हणजे खानदेशाचं दुसरं टोक. पहिलं वर्षभर त्यांचं निम्मं बोलणं मी नुसती मान हलवून निभावून नेलं. मी इथल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि मान हलवण्याचा मला चांगला सराव आहे.

आता माझ्या दुखण्याचं सांगते, कारण त्याशिवाय आबा सांगता येणार नाहीत. माझं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं असायचं. रक्त कमी, केस गळलेले, जिना चढले की धाप. लोक म्हणायचे, शाळेच्या ऑफिसात काय कमी ताप असतो. शेवटी जळगावच्या पोटाच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निदान सांगितलं: सिलिअॅक. गव्हात ग्लुटेन नावाचं जे असतं, ते पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उठतं. औषध नाही. गहू बंद, जन्मभर. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं बंद. डबीतल्या हिंगातही पीठ असतं, म्हणून तोही बंद.

ज्या घरात पाहुणा आला की वरण आणि गव्हाची बट्टी होते, त्या घरात हे सांगून बघा. "एका पोळीने काय होतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आमच्या कुलदेवतेच्या आरतीत घालावं. सासूबाईंच्या बहिणीने तर बट्टीवर जास्तीचं तूप घालून दिलं. तुपाने बाधत नाही म्हणे.

गहू सोडला आणि मी सुधारले. इतकी सुधारले की थांबेचना. गव्हाचा राग मी भात, साबुदाणा आणि बटाट्यावर काढला. वर पुण्याहून मागवलेली ग्लुटेन नसलेली बिस्किटं, ज्यांत ग्लुटेन सोडून साखर, तूप सगळं होतं. दोन वर्षांत चोवीस किलो वाढले. गुडघे बोलायला लागले, साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, आता वजन उतरवा. आधी पोळी गेली होती, आता भात आणि साबुदाणाही गेला. उरली भाकरी.

म्हणून मी आबांकडे गेले. त्यांच्याकडे दोन गिरण्या होत्या. मोठी गव्हाची, आणि कोपऱ्यात छोटी, ज्वारी-बाजरीची. मी त्यांना विचारलं, छोटीत गहू दळता का? कधीच नाही, म्हणाले. मी सांगितलं, मला दुसऱ्यांचं पीठ चालत नाही, माझ्या दळणात कोणाचं पीठ मिसळलं तर मी आजारी पडते. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, काळजी करू नका, तुमचं दळण मी स्वतः दळेन. आणि खरंच, त्या दिवसापासून माझा डबा त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मी सकाळी शाळेत जाताना दादर जातीच्या ज्वारीचा डबा ठेवायची आणि संध्याकाळी पीठ घेऊन जायची.

तिथे धान्याचा वजनकाटा होता. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. तो नवऱ्याने आणलेला होता आणि नवऱ्यासारखाच दर वेळी वेगळं सांगायचा. एके दिवशी गिरणीत कोणी नाही असं बघून मी आबांच्या काट्यावर उभी राहिले आणि डॉक्टरांकडचं जुनं वजन त्यांना सांगितलं. आबांनी चष्मा सारून आकडा पाहिला, तेवढ्यात दोन बाया आत आल्या. आबा दळणाचंच बोलत असल्यासारखे म्हणाले, "चार शेर उतरनं शे." मला एकदम हायसं वाटलं. मग दर महिन्याला हा कार्यक्रम ठरला. मी चढायची, आबा शेर-पायलीत सांगायचे; शेर म्हणजे किलोच्या आसपास, आणि चार शेरांची एक पायली. समोरच्यांना वाटे, या बाईचं दळण दर महिन्याला कमी कसं होतंय.

वजन झरझर उतरत होतं. तीन महिन्यांत दोन पायल्या. शाळेत बायका मला रहस्य विचारायला लागल्या. मी कोणाला भाकरी सांगायची, कोणाला चालणं. मुख्याध्यापकांच्या मिसेसनी माझं नाव घेऊन साबुदाणा सोडला. जुने ब्लाउज काढले, आरशासमोर जरा जास्त वेळ थांबायला लागले. खरं सांगते, संध्याकाळी पोट ढोलासारखं फुगायचं, जिना चढताना पुन्हा बसावं लागत होतं. पण काट्याने माझी इतकी समजूत काढली होती की बाकीचं मी ऐकतच नव्हते.

ऐकलं ते आबांनी. पाचव्या महिन्यात मी काट्यावर चढले, तर ते शेर सांगेनात. आकड्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, हाई उतरनं चांगलं नई शे. वजन जाई ऱ्हायनं, पन तोंडवरनी कळा बी जाई ऱ्हायनी."

मला राग आला. चोवीस किलो वाढले तेव्हा कोणी बोलायचं ठेवलं नव्हतं, आणि आता उतरतंय तरी टोकतात. मी ताडताड घरी आले. पण वाक्य कानातून जाईना. चार दिवसांनी जळगावला जाऊन रक्त दिलं. रक्तातलं लोह पार खाली, आणि गहू पोटात जात असल्याची जी खूण रक्तात दिसते, ती पुन्हा वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, तुम्ही चोरून काहीतरी खाताय. मी म्हटलं, नाही हो. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. बसमध्ये पारोळा आल्यावर नवरा हळूच म्हणाला, बट्टी खाल्ली असशील तर सांग, मी रागावणार नाही. मला आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. जे वजन उतरवून मी मिरवत होते, ते माझं आतडं पुन्हा झडत होतं म्हणून उतरत होतं. आणि कशाने, ते कोणालाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली होती. डबा घेऊन गिरणीत गेले आणि पहिल्यांदाच तिथे पोत्यावर बसून राहिले, कारण उभं राहवत नव्हतं. आबांनी छोटी गिरणी चालू केली. माझी ज्वारी वरच्या पेटीत ओतण्याआधी त्यांनी खालून एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून दोन मुठी धान्य काढून पेटीत टाकलं आणि ते दळून काढलं. ते पीठ वेगळ्या परातीत घेतलं. मग माझी ज्वारी ओतली.

मी विचारलं, आबा, हे काय टाकलं?

त्यांना मी विचारल्याचं बरं वाटलं. समजावून सांगायला लागले. दगडात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ अडकून राहतं. एकाचं दुसऱ्याला जाऊ नये म्हणून त्यांचे वडील प्रत्येक दळणाआधी घरचं मूठभर धान्य टाकून दगड धुऊन घ्यायचे, तेच तेही करत आले. ते पीठ मुंग्यांना घालायचे. "बठ्ठासले एक मूठ. तुम्हनं पथ्य शे, म्हनीसन तुम्हले दोन."

आणि डब्यात काय आहे, मी विचारलं. गहू. गव्हानेच दगड साफ होतो, आबा म्हणाले.

 माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, आबा घाईघाईने म्हणाले, "घरना गहू शेतस ताई. बहीनना वावरमाना. निवडेल."

तेव्हा मला सगळं कळलं. मी म्हणाले होते, दुसऱ्यांचं पीठ चालत नाही. आबांना ते सोवळ्याओवळ्यासारखं काहीतरी वाटलं, किंवा बाजारच्या गव्हाला लावलेल्या किडीच्या औषधाचं असेल असं वाटलं. त्यांनी आपल्या परीने त्याहून शुद्ध काही शोधलं. बहिणीच्या शेतातला, अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताटात एक-एक खडा वेचलेला गहू. माझ्यासाठी तो दुप्पट टाकला. पाच महिने मी त्यांच्या चांगुलपणाने आजारी पडत होते.

मी त्यांना सांगितलं, जमेल तितकं हळू. आबांनी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मीच तुम्हले जहर खावाडं." मी म्हणत राहिले, आबा, तुम्हाला काय माहीत, मीच नीट सांगितलं नाही. आणि ते खरंच होतं. ऑफिसात दहा ओळींचा अर्ज दहा वेळा वाचून घेणारी मी, माझ्या जिवाची गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकून शाळेला पळाले होते. पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

छोटी गिरणी तीन दिवस बंद राहिली. आबांनी दगड उघडले, ब्रशने झाडले, नव्याने टाकी लावून त्यांच्यावर खाचा पाडल्या. कापडी नळी फेकून नवी शिवून घेतली. मग दोन पायल्या ज्वारी दळून ते सगळं पीठ एका म्हशीवाल्याला दिलं. चौथ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. मोठी गिरणी सुरू व्हायच्या आधी, हवेत गव्हाचं पीठ उडायच्या आधी, माझं दळण. पुढे कायम तसंच राहिलं. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ती त्यांनी छोटीत घ्यायचं बंद केलं. बाया चिडल्या, दुसऱ्या गिरणीत जाऊ म्हणाल्या, काही गेल्याही. आबांनी कोणाला कारण सांगितलं नाही. मुंग्यांनाही मग ज्वारीचंच पीठ.

सहा महिन्यांनी माझं रक्त सुधारलं. डॉक्टरांना मी दोन मुठींची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. नवऱ्याने परतीच्या बसमध्ये तेच म्हणायला पाहिजे होतं. त्याने त्याऐवजी मला पारोळ्याला उसाचा रस पाजला. चाललं.

आता यातली गंमत बघा. आतडं बरं झालं, खाल्लेलं अंगी लागायला लागलं, आणि मी पुन्हा फुगले. काट्यावर चढले की आबांचा चेहरा खुले. "एक पायली वाढनी." मी कपाळाला हात लावायची. ज्या माणसाला माझं वजन वाढल्याचा एवढा आनंद होतो, त्याच्यासमोर ते उतरवायचं कसं? पण उतरवलं. तीनच्या दोन भाकरी केल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि पालेभाजी, आणि डबा स्कूटीवर न नेता हातात धरून पायी. महिन्याला शेर-अर्धा शेर, कधी तोही नाही. आबा आता आकडा बघायचे आणि मग माझं तोंड बघायचे. दोन्ही जुळलं तरच शेर सांगायचे. अशी सहा वर्षं गेली. आज मी जिना चढते आणि वर पोचल्यावर बोलूही शकते. हे ज्याच्यामुळे, त्याला मी कधी धड धन्यवाद म्हटलं नाही. आपल्याकडे गिरणीवाल्याला कोण धन्यवाद म्हणतं?

गेल्या थंडीत आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं. मी आबांबद्दल काहीबाही बोलत होते, त्यांनी माझ्यासाठी किती केलं वगैरे. अक्का ऐकत होत्या. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "त्यासले भाकर आवडे नई. रोज पोयी लागे. पन त्या दिनपासून गिरनीमा पोयी कधी लई गया नईत. म्हनेत, हातले लागेल ऱ्हास, त्या पोरीना पिठमा जाई."

सहा वर्षं. रोज दुपारी, पोत्यांच्या मागे बसून, न आवडणारी भाकरी. माझं दळण सकाळीच उरकलेलं असायचं, तरीही. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मला वाटत होतं, पथ्य मीच पाळते आहे.

 अक्कांनी विचारलं, "आते दळन कोठे टाकशात?"

नवरा जाऊन पाच दिवस झालेली बाई माझ्या भाकरीची काळजी करत होती. बघू काहीतरी, एवढं मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना. सांत्वन करायला गेले होते मी, आणि अक्काच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.